बूड टेकत नाही, मग शिकणार कसा?

‘डॉक्टर, हा पाच मिनिटं एका जागी बसत नाही. पुस्तक उघडलं की पाणी हवं, पाणी प्यायला की शू, शू झाली की खिडकी!’ चार ते सात वर्षांच्या मुलांच्या आयांची ही नेहमीची तक्रार. शाळेत जाणाऱ्या मुलांबाबत ती संध्याकाळच्या गृहपाठापुरती असते. परंतु काही घरांत मुलाची सबंध शाळाच घरी भरते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि मीरा-भाईंदरच्या वन-रूम-किचनमध्ये घरोघरी वर्ग सुरू झाले. पुढे शाळा उघडल्या. तरी कोणी हौसेने, कोणी फी झेपेना म्हणून, कोणी मूल वर्गात रमत नाही म्हणून घरीच शिकवत राहिले. अशा घरात आई हीच बाई, आणि बाईंचा राग आईच्या हाताने निघतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका सहा वर्षांच्या मुलाला ‘वही आण’ म्हटले की पोटात दुखू लागे. सुट्टीच्या दिवशी पोट ठणठणीत! तपासणीत काहीच सापडले नाही. चंचल मुलाचे खरे नुकसान होते ते येथे. अक्षरे चार महिने उशिरा आली म्हणून काही बिघडत नाही. पण वही म्हणजे धपाटा अशी गाठ मनात बसली, तर ती सोडवायला वर्षे लागतात.

शिकवण्याची पद्धत बदलण्याआधी मूल तपासून घ्यावे. वारंवार सर्दी होणाऱ्या, तोंड उघडे टाकून घोरणाऱ्या मुलाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेले असू शकते. त्याला अर्धेच ऐकू येते आणि आपण म्हणतो, लक्ष नाही! टीव्हीचा आवाज वाढवणारे, प्रत्येक वाक्याला ‘काय?’ विचारणारे मूल कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. डोळेही तपासावेत. रक्ताचेही तेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या सुमारे ६७ टक्के भारतीय मुलांत रक्तक्षय आढळला होता. लोह कमी असलेले मूल चिडचिडे होते, त्याचे लक्ष टिकत नाही. मात्र दुकानातून टॉनिकची बाटली परस्पर आणू नये. आधी हिमोग्लोबिन पाहावे.

झोपेचा प्रश्न आपल्या गावात अधिकच बिकट. बाबा चर्चगेटहून लोकलने घरी पोहोचणार साडेनऊला. मग जेवण, मस्ती, आणि डोळा लागायला साडेअकरा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. बाबांची भेट तोडा, असे मी सांगणार नाही. पण घरच्या शाळेची घंटा आपल्याच हातात असते, हा तिचा मोठा फायदा. मुलाला पुरते झोपू द्यावे आणि धडा साडेनऊ-दहाला घ्यावा. सकाळी सातला डोळे चोळत पाढे म्हणवून घेण्यात कसला पराक्रम?

जाता जाता, गोड खाल्ल्याने मूल उड्या मारते ही समजूत खरी नाही. यावरील अनेक चाचण्या १९९५ मध्ये एकत्र तपासल्या गेल्या. साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. दातांसाठी चॉकलेट जरूर कमी करा, चंचलपणासाठी नको.

आता धड्याकडे वळू. लहान मुलाच्या शिक्षणात हातापायांना जागा करून देणाऱ्या मारिया मॉन्टेसोरी या मुळात डॉक्टर होत्या. त्यांचे विचार आपल्या मातीत रुजवले ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी, तेही आपल्याच पश्चिम रेल्वेच्या वाटेवर, डहाणू तालुक्यात. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केले. महागडी साधने परवडणार नव्हती, म्हणून शिंपले, बिया, खडे, पाने हीच साधने झाली. मुले गुरे चारायला जात, तेव्हा शाळाच कुरणावर गेली. मूल बसत नसेल तर धड्याने उठावे, हे त्यांनी करून दाखवले.

त्या पोटदुखीच्या मुलाच्या आईला मी हेच सांगितले. धड्याआधी जिन्याच्या दोन फेऱ्या किंवा आवारात पंधरा मिनिटे पळापळ. मग दहा मिनिटांचा धडा, घड्याळ लावून. न आवडणाऱ्या कामावर या वयाचे मूल याहून फार काळ टिकत नाही, असा माझा अनुभव आहे. त्याने उठण्याआधी आपणच ‘चल, ऊठ’ म्हणावे. म्हणजे उठणे हा गुन्हा राहत नाही. पाठ खिडकीकडे, टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत, आणि आईचासुद्धा! कुकरच्या शिट्ट्या आधीच उरकलेल्या बऱ्या. एका वेळी एकच सूचना. भिंतीवर पाटी टांगून उभ्यानेच लिहू द्यावे. मटार सोलणे, कणकेच्या गोळ्या वळणे ही कामेही अभ्यासातच धरावीत. पेन्सिल धरणारी बोटे त्यानेच तयार होतात. बेरीज-वजाबाकीला उत्तनच्या किनाऱ्यावरचे शिंपले. तेथे काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील मोजत त्याने वीसच्या पुढचे आकडे पाठ केले, असे आईने हसत सांगितले. आणि मारणे पूर्ण बंद. ही अट तिला सर्वांत जड गेली. त्यावर उपाय आजीने काढला: सून चिडली की पुढची दहा मिनिटे आजी घेई, आणि नातू ‘बाई’ होऊन आजीला शिकवी.

तीन आठवड्यांनी पोटदुखी थांबली. पेन्सिल अजून दहा वेळा खाली पडते.

एवढे करूनही फरक पडला नाही तर? चंचलपणा हा आजारही असतो. त्याला अतिचंचलता म्हणतात. पण शेजारणीने म्हटल्याने तो ठरत नाही. लक्षणे किमान सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. घरी शिकणाऱ्या मुलाची अडचण येथेच येते: त्याला दुसरे ठिकाणच नसते! म्हणून मामाच्या घरी, बागेत, लग्नकार्यात, नाचाच्या क्लासला ते कसे वागते, हे इतरांकडून विचारून घ्यावे. ‘कार्टून तर तासभर बघतो’ यावरून मात्र आजार नाही असे समजू नये. सहा वर्षांखालील मुलाला सहसा आधी औषध देत नाहीत. पालकांना वागणुकीचे प्रशिक्षण देणे हा पहिला उपचार असतो.

हाक मारूनही वळत नाही, बोलणे उशिरा आले, किंवा मध्येच काही सेकंद शून्यात टक लावून राहतो आणि हलवले तरी भानावर येत नाही, असे दिसल्यास थांबू नये. शेवटचा प्रकार फिटचा असू शकतो. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना आठवडाभराची नोंद सोबत न्यावी: किती वाजता झोपला, कशात किती वेळ रमला, कुठे बिथरला. घरातल्या कोणी मोबाईलवर तो टक लावण्याचा प्रकार टिपला असेल तर तोही दाखवावा. तोंडी वर्णनापेक्षा त्यावरून डॉक्टरांना अधिक कळते.