स्वच्छक रॅस मासा : वर्तन व परिसंस्थेतील महत्त्व

प्रस्तावना :
हिंदी व पॅसिफिक महासागरांतील प्रवाळभित्तींवर ‘लॅब्रॉइडिस डिमिडिएटस’ ही रॅस कुळातील लहान जाती आढळते. लक्षद्वीपच्या प्रवाळ परिसरातही तिचे वास्तव्य आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ व्हालान्सिएन यांनी १८३९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. या माशाची लांबी साधारणतः १० सें.मी. असते. निळसर अंगावरील, शेपटीकडे रुंदावत जाणारा काळा पट्टा ही त्याची ओळख होय.

सहजीवनाचे स्वरूप :
हा मासा खडकावरील ठराविक जागी राहतो. इतर मासे तेथे येऊन तोंड व कल्ले उघडून स्थिर राहतात आणि तो त्यांच्या अंगावरील परजीवी वेचून खातो. ऑस्ट्रेलियातील लिझार्ड बेटाजवळ केलेल्या व १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अलेक्झांड्रा ग्रटर यांना असे आढळले की, एक मासा दिवसाला सरासरी सुमारे १२०० परजीवी खातो.

तथापि, या माशाला परजीवींपेक्षा ग्राहक माशाच्या त्वचेवरील श्लेष्म अधिक आवडतो. श्लेष्म खाणे ही ग्राहकाची फसवणूकच ठरते. अशा वेळी ग्राहक मासा त्याचा पाठलाग करतो अथवा निघून जातो. २००६ मध्ये बशारी व ग्रटर यांनी दाखविले की, इतर मासे पाहत असताना स्वच्छक मासा अधिक प्रामाणिकपणे वागतो. म्हणजेच हे सहकार्य केवळ परोपकारावर नव्हे, तर परस्पर नियंत्रणावर टिकून आहे.

परिसंस्थेतील महत्त्व :
लिझार्ड बेटाजवळील काही लहान प्रवाळ खडकांवरून हे मासे साडेआठ वर्षे दूर ठेवण्यात आले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील निवासी माशांची संख्या ३७ टक्क्यांनी व जातींची विविधता २३ टक्क्यांनी कमी आढळली.

समारोप :
शोभेच्या मत्स्यालयांसाठी हे मासे समुद्रातून पकडले जातात. काचेच्या टाकीत पुरेसे परजीवी मिळत नसल्याने त्यांची उपासमार होण्याचा धोका असतो. त्याच वेळी प्रवाळभित्तीवरील असंख्य मासे त्यांच्या सेवेला मुकतात. त्यामुळे एखाद्या जातीचे मोल तिच्या आकारावरून किंवा बाजारभावावरून न ठरविता परिसंस्थेतील तिच्या कार्यावरून ठरविणे आवश्यक आहे.