दोन संगणकांमधील सरळ वाट

‘द्राविडी प्राणायाम’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत चांगलाच रुळला आहे. नाक समोर असता हात डोक्यामागून वळसा घालून नाकाशी आणावयाचा, असा त्याचा भाव. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत घरोघर हा प्राणायाम आज नव्या रूपाने चालू आहे. घरात नवा संगणक येतो. जुना त्याच टेबलावर शेजारी असतो. जुन्यात मुलांची छायाचित्रे, लग्नकार्याचे चित्रण, दुकानाचे हिशेब साठलेले असतात. ते नव्यात न्यावयाचे, तर आपण ते आधी इंटरनेटवरून कोठल्यातरी दूरच्या कोठारात चढवतो आणि तेथून पुन्हा खाली उतरवतो. यंत्रांमधील अंतर हातभर. पण माल मात्र शेकडो कोस हिंडून येतो! ही दोन यंत्रे एका तारेने सरळ जोडता येतात. ती कशी व कशासाठी जोडावीत, एवढाच आमच्या विवेचनाचा विषय आहे.

संगणकांची जोडणी या परिसराला नवी नाही. १९८६-८७ च्या सुमारास जुहू येथील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था आणि पवईचे आय. आय. टी. यांच्यामध्ये टेलिफोनच्या तारेवरून संगणकीय टपालाची देवाणघेवाण सुरू झाली. ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचा तो आरंभ होय. पुढे अशा संस्थांना जोडणाऱ्या भाड्याच्या तारांचा वेग सेकंदाला ९६०० बिट असे. सामान्य नागरिकांस इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून.

या वेगांचा अर्थ थोड्या अंकगणिताने स्पष्ट होईल. समजा, आपल्याजवळ १०० गिगाबाइटचा संग्रह आहे. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे एकूण ८०,००० कोटी बिट झाले. सेकंदाला ९६०० बिट या वेगाने ते पाठवू म्हटले, तर अडीच वर्षांहून अधिक काळ लागेल. आज घरी १०० मेगाबिटची जोडणी असली आणि तिचा पूर्ण वेग दोन्ही बाजूंना मिळाला, तरी चढवण्यास सव्वादोन तास व उतरवण्यास तितकेच. साध्या गिगाबिट इथरनेट केबलने मात्र हेच काम हिशेबाने ८०० सेकंदांचे, व्यवहारात पंधरा-वीस मिनिटांचे. जुनी फिरत्या तबकडीची डिस्क असेल, तर थोडे अधिक. कारण मग वेग तार ठरवीत नाही, डिस्क ठरवते.

बाजारात ‘लॅन केबल’ या नावाने मिळणाऱ्या या तारेच्या पोटात आठ बारीक तारा असतात; दोन-दोन तारांना पीळ देऊन त्यांच्या चार जोड्या केलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. जोडीतील दोन तारांवरून एकच संकेत परस्परविरुद्ध रूपात जातो. बाहेरील विजेचा उपद्रव दोहोंवर सारखाच पडतो आणि पलीकडचे यंत्र दोहोंतील फरकच तेवढा मोजते. त्यामुळे उपद्रव आपोआप वजा होतो. म्हणूनच अशी तार १०० मीटरपर्यंत निर्वेध काम देते. पूर्वी दोन संगणक थेट जोडण्यास आतील जोड्यांची अदलाबदल केलेली खास केबल लागे. आजची यंत्रे ती अदलाबदल स्वतःच करतात. ज्या संगणकास या केबलचे भोक नसते, त्याला लहानसा ॲडाप्टर लावता येतो.

पण नुसती तार जोडली म्हणजे संभाषण सुरू झाले, असे नाही. टपालाला जसा पत्ता, तसा प्रत्येक यंत्रालाही हवा. एरवी तो घरातील राउटर देतो. येथे राउटरच नाही. तेव्हा दोन्ही यंत्रे १६९.२५४ ने सुरू होणारा एकेक पत्ता आपापला निवडतात आणि तो दुसऱ्याने घेतलेला नाही ना, याची आधी चौकशी करतात. आपण एका यंत्रावर एक फोल्डर सामायिक करावयाचा, दुसऱ्यावरून तो उघडावयाचा आणि आतील फाइलींची प्रत घ्यावयाची. मजकूर क्रमांक घातलेल्या लहान लहान पुडक्यांतून जातो. घेणारा पोच देतो. पोच न आल्यास पुडके पुन्हा रवाना होते.

दोन सूचना येथे आवश्यक आहेत. यूएसबीची दोन्ही टोके सारखी, चपटी असलेली साधी केबल दोन संगणकांत खोचू नये. दोन्ही यंत्रे तिच्यातून वीज देऊ पाहतात आणि इजा होण्याचा संभव असतो. यूएसबीनेच जोडावयाचे, तर मध्ये चिप असलेली खास केबल घ्यावी. दुसरे, सामायिक करावयाचा तो एकच फोल्डर, सारी डिस्क नव्हे. आणि काम होताच ती मुभा बंद करावी.

आता कोणी विचारील, हा सारा खटाटोप चार तास वाचवण्यासाठीच काय? आमचे उत्तर नकारार्थी आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी नदी फुगली आणि उपनगरांतील असंख्य तळमजल्यांत पाणी शिरले. भिंतीवरचा फोटो पाण्याने डागाळला, तरी आजोबांचा चेहरा ओळखू येतो. डिस्क मेली, की चेहरा, आवाज, हिशेब सारेच एकदम जाते. यावर उपाय एकच, दुसरी प्रत. ती काढावी, हे कोणाला ठाऊक नाही? पण ज्या कामाला आख्खा दिवस लागतो, ते रविवारमागून रविवार पुढे ढकलले जाते. वीस मिनिटांचे काम चहा होईतो उरकते. सरळ वाटेचे खरे मोल या सुलभतेत आहे.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, फाइली हलवू नका, त्यांची प्रत घ्या. प्रत पुरी झाल्यावर दोन्हीकडील फाइलींची संख्या व आकार ताडून पाहा, चार फाइली उघडून पाहा आणि मगच जुन्या यंत्राचा विचार करा. ते यंत्र चालते असेल, तर भंगारात घालण्याची घाई करू नका. एकाच खोलीतील दोन प्रती एकाच पुरात बुडतात. जुने यंत्र वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याकडे किंवा दुसऱ्या उपनगरातील बहिणीकडे ठेवावे आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, त्याला पुन्हा तार जोडावी. पावसापूर्वी छपराची कौले शाकारण्याची आपली जुनी रीत आहे; तिच्यात या एका कामाची भर पडावी.