विद्युत्मोटर, ट्रान्झिस्टर आणि संरक्षक डायोड

विज्ञान-प्रदर्शनाकरिता विद्यार्थ्यांनी केलेल्या प्रतिकृती घरी चालतात व ऐन प्रदर्शनात बंद पडतात, असा अनुभव पुष्कळ शिक्षकांस येतो. अशा वेळी विद्यार्थ्याच्या निष्काळजीपणास दोष देण्याकडे आपला कल असतो. मोटर असलेल्या प्रतिकृतींच्या बाबतीत हा निवाडा अनेकदा चुकीचा ठरतो.

मी वर्गावर असताना सातवीच्या एका मुलाने टाकी भरताच आपोआप थांबणाऱ्या पंपाची प्रतिकृती केली होती. चार-पाच वेळा ती उत्तम चालली. नंतर मोटर थांबेचना. जोडणी बिघडविल्याबद्दल मी त्यास सर्वांदेखत बोललो. पुढे नवा ट्रान्झिस्टर आणण्याकरिता मुंबईस गिरगावानजीकच्या लॅमिंग्टन रोडवर गेलो. आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नाव असलेला हा रस्ता इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या दुकानांकरिता प्रसिद्ध आहे. दुकानदाराने पहिलाच प्रश्न केला, "मोटरीवर डायोड लावला होता का, मास्तर?" लावला नव्हता. जोडणीची आकृती मीच फळ्यावर काढून दिली होती, आणि तीत डायोड नव्हता.

डायोड कशाकरिता हवा, ते पाहू. मोटरीच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. त्यांतून प्रवाह वाहू लागला म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण होऊन त्यात ऊर्जा साठते. ट्रान्झिस्टरने प्रवाह एकाएकी तोडला की हे क्षेत्र लोपू लागते आणि लोपताना तोच प्रवाह पुढे चालू ठेवू पाहणारा विद्युद्दाब उत्पन्न करते. 1831 साली मायकेल फॅरडे यांनी दाखविलेल्या विद्युच्चुंबकीय प्रवर्तनाचाच हा प्रकार असून यास स्वयंप्रवर्तन म्हणतात. विहिरीवरील पंप बंद होताच पाइपास जो दणका बसतो, तसाच हा दणका होय.

त्याचे मान लहान नसते. प्रवाह 0.3 अँपिअर, वेटोळ्याचे प्रवर्तकत्व 1 मिलिहेन्री व प्रवाह तुटण्याचा काळ 1 मायक्रोसेकंद धरल्यास हा दाब 300 व्होल्ट येतो. बीसी 547 हा नेहमीच्या वापरातील ट्रान्झिस्टर 45 व्होल्टपर्यंतचाच दाब सहन करण्याजोगा असतो. त्यापलीकडील दणके बसून तो निकामी होतो. कित्येकदा त्याची टोके आतून कायमची जुळतात व मोटर थांबेनाशी होते.

यावर उपाय सोपा आहे. 1एन4007 हा डायोड मोटरीच्या दोन टोकांवर उलटा जोडावा. म्हणजे त्याचा रुपेरी पट्टा असलेले टोक बॅटरीच्या धन बाजूस व दुसरे टोक ट्रान्झिस्टरच्या बाजूस यावे. मोटर चालू असता डायोडमधून प्रवाह जात नाही. ती बंद होताच वेटोळ्यातील प्रवाह डायोडमधून फिरून विरतो, आणि ट्रान्झिस्टरवरील दाब बॅटरीच्या दाबापेक्षा सुमारे 0.7 व्होल्टच अधिक चढतो.

हे वर्गात दाखविता येते. एका रिलेच्या वेटोळ्याच्या दोन टोकांवर टेस्टरमधील निऑन दिवा जोडावा. 9 व्होल्टच्या बॅटरीची तार वेटोळ्यास टेकवून उचलावी. सुमारे 60 व्होल्टांखाली न पेटणारा निऑन, तार उचलताक्षणी चमकतो! आता वरीलप्रमाणे डायोड जोडून तीच कृती करावी. निऑन चमकत नाही. हा प्रयोग शिक्षकाने स्वतः करावा व उघड्या टोकांस हात लावू नये, कारण झटका बसतो.

पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(1) डायोड सुलटा जोडल्यास प्रवाह मोटरीऐवजी त्यातूनच जातो व डायोड आणि ट्रान्झिस्टर दोन्ही जळतात. म्हणून बॅटरी जोडण्यापूर्वी पट्टा पाहावा.

(2) सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह घेते. बीसी 547 ची मर्यादा 100 मिलिअँपिअर आहे, तेव्हा 1.5 अँपिअर मर्यादेचा बीडी 139 वापरणे बरे.

(3) रिले व विद्युत्घंटा यांतही वेटोळे असते. ती ट्रान्झिस्टरने चालविताना डायोड लावावाच.

मुंबईहून परतल्यावर मी त्याच वर्गात त्या मुलाची चूक नसल्याचे सांगितले व दुरुस्त आकृती त्याच्याकडूनच फळ्यावर काढवून घेतली. शिक्षकबंधुभगिनींनी प्रदर्शनापूर्वी प्रत्येक आकृती स्वतः तपासावी, ही विनंती.