विश्वास आणि विश्वस्त : अस्थिर काळातील ख्रिस्ती सेवाकार्यापासून घेण्याजोगा धडा



वार्षिक अहवालातील आकडेवारीच्या जोडीला एखादा माहितीपर लेख द्यावा, ही आपल्या संस्थेची प्रथा आहे. यापूर्वी सर्पदंश, कुपोषण, प्रसूतिपूर्व तपासणी अशा विषयांवर लेख दिले गेले. यंदाचा विषय थोडा निराळा आहे. अस्थिर काळात महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळींनी केलेले सेवाकार्य, त्यामागची त्यांची श्रद्धा आणि त्यातून आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाने काय शिकावे, याचा येथे विचार केला आहे. आपली संस्था कोणत्याही एका धर्मपंथाशी बांधलेली नाही. प्रस्तुत लेखकही वाणिज्य शाखेचा पदवीधर असून धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तथापि हा विषय घेण्यास एक कारण घडले आणि ते आधी सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

एप्रिल २०२१ मध्ये करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. एका रात्री आपल्याकडे दाखल रुग्णांना पहाटेपर्यंत कसाबसा पुरेल एवढाच प्राणवायू शिल्लक होता. त्या वेळी डोंगराकडच्या एका वाडीतून एका वृद्धाला जीपमधून आणण्यात आले. मी फाटकाच्या आतूनच त्या कुटुंबाला सांगितले, ‘जागा नाही, शहापूरला न्या.’ तो वृद्ध वाटेतच गेला. प्राणवायू नव्हता ही वस्तुस्थिती होती. परंतु डॉक्टरांनी जीपपाशी येऊन रुग्णाला पाहिले नाही, पुढच्या रुग्णालयाला दूरध्वनी झाला नाही, साधी चिठ्ठीही दिली गेली नाही. यासाठी साहित्य लागत नव्हते, माणूस लागत होता. पुढे त्या वाडीत लसीकरणासाठी गेलेल्या आपल्या आरोग्यसेविकेला एका बाईंनी विचारले, ‘तवा दार लावलंत, आता इस्वास कसा ठेवायचा?’ त्यानंतरचे दोन पावसाळे त्या वाडीतून एकही रुग्ण आपल्याकडे आला नाही.

त्या बाईंनी वापरलेला शब्द मनात राहिला. आपल्याकडे देवाविषयी बोलताना बहुधा ‘श्रद्धा’ हा शब्द येतो. मराठी ख्रिस्ती समाजात त्याच ठिकाणी ‘विश्वास’ हा शब्द रूढ आहे. मराठी बायबलमध्ये तोच आहे. श्रद्धावंताला तेथे ‘विश्वासी’ म्हणतात, धर्मगुरूला ‘पाळक’ आणि उपासनेसाठी जमणाऱ्या समुदायाला ‘मंडळी’. त्याच ‘विश्वास’ शब्दाच्या कुळातला ‘विश्वस्त’ हा शब्द आपल्या संस्थेच्या घटनेत पानोपानी आहे. श्रद्धा एकट्याच्या मनात राहू शकते. विश्वासाला मात्र दोन बाजू लागतात, ठेवणारा आणि ज्याच्यावर ठेवायचा तो. अस्थिर काळात आपली श्रद्धा टिकली का, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. त्याहून कठीण प्रश्न असा की, आपल्यावर दुसऱ्याने ठेवलेला विश्वास टिकला का? सव्वाशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर असाच काळ आला होता, तेव्हा हा प्रश्न फार तीव्रतेने उभा राहिला.

प्लेगचा काळ आणि रुग्णालयाची भीती

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात एक विचित्र ताप पसरू लागला. हा गाठीचा प्लेग आहे, असे निदान डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले. ते गोव्यातील हडफडे गावचे, ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. बंदराच्या शहरात प्लेगचे नाव उच्चारणे म्हणजे व्यापार ठप्प होण्याला आमंत्रण होते. तरीही त्यांनी ते उच्चारले आणि पुढील तपासणीत ते खरे ठरले. अस्थिर काळातील पहिली सेवा ही कधी कधी अप्रिय सत्य वेळेवर सांगण्याची असते.

सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा केला. हाच कायदा २०२० मध्ये करोनाच्या वेळी पुन्हा लागू झाल्याचे वाचकांना स्मरत असेल. घरझडती, सक्तीचे विलगीकरण, सामानाची जाळपोळ यांमुळे लोक रोगापेक्षा रुग्णालयाला अधिक भिऊ लागले. ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. पुण्यात लष्कराकरवी झालेल्या झडत्यांनी संताप शिगेला पोहोचला आणि जून १८९७ मध्ये प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. उपचाराची सोय होती, पण विश्वास नव्हता. आणि विश्वासावाचून ती सोय निरुपयोगी ठरत होती.

पंडिता रमाबाई : दुष्काळ, प्लेग आणि एक पत्र

याच सुमारास पंडिता रमाबाई पुण्यात शारदा सदन चालवीत होत्या. त्यांचा जन्म १८५८ चा. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. उपासमार म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवा व निराधार स्त्रियांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुलींना व स्त्रियांना आपल्याबरोबर घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध लागू असल्याने नव्या मुलींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर त्यांनी प्रथम तात्पुरता निवारा उभा केला. तेच पुढे ‘मुक्ती सदन’ झाले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि तेथील संख्या दीड हजारांच्या वर गेली. एवढ्या माणसांना केवळ प्रार्थनेवर जगविता येत नाही, हे रमाबाई जाणून होत्या. विहिरी खणल्या गेल्या, शेती, गुरे, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना उभा राहिला. प्रार्थना पहाटेच होई आणि नंतर दिवसभर काम चाले.

परंतु या लेखाच्या दृष्टीने त्यांची आणखी एक कृती अधिक मोलाची आहे. १८९७ मध्ये त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती नियतकालिकात जाहीर पत्र लिहून पुण्याच्या सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीवर कडक टीका केली. सरकारने ती नाकारली. प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते. त्यांची नाराजी ओढवून घेण्यात संस्थेचे नुकसान होण्याचा धोका होता. तरीही त्या रुग्ण स्त्रीच्या बाजूने उभ्या राहिल्या. विश्वास मिळतो तो असा: आपल्या बाजूच्या माणसाची चूकही दडवून न ठेवल्याने.

येथे एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. सेवेची प्रेरणा कोणा एका धर्माची मक्तेदारी नाही. त्याच प्लेगमध्ये पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत रुग्णांची सेवा करीत होते. त्या सेवेतच संसर्ग होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले.

धर्मांतराचा प्रश्न

ख्रिस्ती सेवाकार्याविषयी लिहिताना धर्मांतराचा प्रश्न टाळणे योग्य नव्हे. तो त्या काळीही विचारला गेला. शारदा सदनात मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविले जाते, असा आक्षेप घेऊन १८९३ मध्ये अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीही संस्थेशी असलेला संबंध सोडला. रमाबाईंचे म्हणणे असे की, आपण कोणावर सक्ती केलेली नाही. पण आपली प्रार्थनाही कोणापासून लपविणार नाही. दुष्काळाच्या वर्षांत अनेक ठिकाणी लोक मोठ्या संख्येने ख्रिस्ती झाले. त्यांत मनापासूनची निवड किती आणि भुकेची निकड किती, असा प्रश्न खुद्द मिशनमधील माणसांनाही पडे.

या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. मात्र त्यातून प्रत्येक धर्मादाय संस्थेला लागू पडणारा एक नियम निघतो. भुकेलेला किंवा आजारी माणूस ‘नाही’ म्हणण्याच्या स्थितीत नसतो. म्हणून त्याला जे द्यावयाचे, त्याच्यामागे कोणतीही किंमत दडलेली असू नये. ती धर्माची असो, मताची असो वा कृतज्ञतेची असो.

मिरज : सेवेचा जमाखर्च

दुसरे उदाहरण मिरजेचे. कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस हे १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले. ऐपत असलेल्याकडून शुल्क घ्यावे आणि त्या बळावर गरिबावर मोफत उपचार करावेत, ही तेथील पद्धत होती. त्यांनी १८९७ पासून स्थानिक तरुणांना वैद्यकीय शिक्षण देण्यास प्रारंभ केला. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला; त्याच वर्षी ते निवृत्त होऊन परतले आणि १९३३ मध्ये निधन पावले. आज मिरज हे वैद्यकीय सेवेचे मोठे केंद्र म्हणून ओळखले जाते, त्याचे मूळ त्या रुग्णालयात आहे.

जमाखर्च पाहणाऱ्या माणसाला या इतिहासातून आणखी एक धडा दिसतो. रमाबाईंना साहाय्य करण्यासाठी अमेरिकेत १८८७ मध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षांचे वचन दिले होते. ती मुदत संपली तेव्हा दुष्काळ आणि प्लेग दोन्ही चालू होते. १८९८ मध्ये रमाबाईंना पुन्हा अमेरिकेस जाऊन कामाचा हिशेब मांडावा लागला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी मिशनांची मदत आटत गेली, तेव्हा महाराष्ट्रातील अनेक मिशन रुग्णालयांची ओढाताण झाली. दूरच्या दात्यांवर उभे राहिलेले काम टिकण्यासाठी जवळच्या लोकांना ते आपले वाटावे लागते. व्यापारात ज्याला पत म्हणतात तीच ही गोष्ट. ती ठेवपावतीत नसते, लोकांच्या बोलण्यात असते.

बंद दारांचे वर्ष

२०२० मध्ये ही कसोटी पुन्हा लागली. मार्चअखेर पोप फ्रान्सिस यांनी व्हॅटिकन येथील सेंट पीटर चौकात भर पावसात, एकाही भाविकाविना प्रार्थना केली. १२ एप्रिलचा ईस्टर महाराष्ट्रातील ख्रिस्ती कुटुंबांनी घरीच साजरा केला. आषाढीला संतांच्या पादुका बसने पंढरपुरास गेल्या. राज्यातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या दिवशी, उघडली. शेजाऱ्याच्या जिवासाठी देवळाचे किंवा चर्चचे दार बंद ठेवणे ही त्या काळी सेवाच होती. रुग्णालयाच्या दाराची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेथे जागा नसली तरी माणूस दारात असावा लागतो. त्या रात्री मी हा भेद विसरलो.

आपण काय केले

त्या बाईंच्या प्रश्नाला तोंडी उत्तर देण्यात अर्थ नव्हता. विश्वस्त मंडळासमोर मी त्या रात्रीची हकीकत लेखी मांडली. त्यानंतर पुढील नियम अमलात आले आहेत :

१. दारात आलेला कोणताही रुग्ण डॉक्टरांनी पाहिल्याविना परत जाणार नाही.

२. अन्यत्र पाठवावे लागल्यास प्रथमोपचार करून, लेखी चिठ्ठी देऊन आणि पुढील रुग्णालयाशी बोलूनच पाठविले जाईल. त्याची नोंद स्वतंत्र वहीत राहील.

३. नातेवाइकांची प्रार्थना, अंगारा, गंडा यांना उपचारात अडथळा येत नसेल तर मज्जाव नाही. दंशावर प्रतिविष सुरू करताना दंश नसलेल्या हाताच्या मनगटावरचा दोरा तोडण्याची गरज नसते. रक्तप्रवाह अडविणारी आवळपट्टी मात्र डॉक्टरच सोडवतील.

४. धर्मादाय रुग्णालयांसाठी उच्च न्यायालयाने मंजूर केलेली आणि २००६ पासून लागू झालेली योजना दर्शनी भागात मराठीत लावली आहे. निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीच्या दरात, हा रुग्णाचा हक्क आहे. ती आपली मेहेरबानी नव्हे.

५. वर्षभरातील तक्रारी आणि आपल्या चुका अहवालात छापल्या जातील.

यांतील शेवटच्या नियमावर विश्वस्त मंडळात बरीच चर्चा झाली. चुका छापल्याने देणग्या घटतील, ही शंका रास्त होती. परंतु आपली देणगी योग्य कामी लागते की नाही, हे दात्याने केवळ चांगल्या बातम्यांवरून कसे ओळखावे? तेव्हा या लेखाच्या निमित्ताने त्या नियमाची सुरुवात माझ्यापासूनच केली आहे.

आपल्या तालुक्यातून मुंबईला पाणी जाते आणि उन्हाळ्यात आपल्याच पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. येथील माणसाने अनेकांची आश्वासने ऐकलेली आहेत. त्याने आपल्यावर पुन्हा भरवसा ठेवावा, अशी अपेक्षा करण्यापूर्वी आपण पुष्कळ काळ दारात उभे राहिले पाहिजे. विश्वस्त मंडळाच्या वतीने दोन सदस्य आणि मी त्या वाडीत जाऊन क्षमा मागून आलो. त्यानंतर तेथील काही कुटुंबे आपल्याकडे येऊ लागली आहेत. ज्या घरातला वृद्ध गेला ते कुटुंब अद्याप आलेले नाही. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्यांसाठी रात्रपाळीला फाटकापाशी एक प्रशिक्षित परिचारक कायम असावा, असा संकल्प आहे. त्या वेतनखर्चाची तरतूद अंदाजपत्रकात केली असून देणगीदारांनी त्यास हातभार लावावा, ही नम्र विनंती.

आपला स्नेहांकित,
प्रशासकीय अधिकारी