पुडीत नाही ते वाडग्यात
लेखांक सातवा : रामेनच्या चवी आणि त्यांवरील साज

1958 साली मोमोफुकु आन्दो यांनी ओसाकानजीकच्या इकेदा गावी, राहत्या घरामागील खोपटात, वाफवलेल्या नूडल्स तेलात तळून टिकाऊ करण्याची कृती कशी सिद्ध केली, याचा तपशील गेल्या लेखांकी आला आहे. तळताना पिठातील पाणी वाफ होऊन निघून जाते, त्याच्या वाटांची सूक्ष्म छिद्रे मागे राहतात, आणि पुढे उकळते पाणी त्याच छिद्रांवाटे आत शिरून नूडल्सना पुनश्च मृदुत्व देते, हे त्या कृतीचे मर्म होय. आता या पुडीबंद रामेनच्या ज्या प्रमुख चवी जपानात रूढ झाल्या, त्यांचे तारतम्य काय, आणि कोणत्या चवीवर कोणता पदार्थ घालावा, या प्रश्नाचा निवाडा करू.

निवाड्याला प्रथम कसोटी मुक्रर करावयास हवी. किकुनाए इकेदा यांनी 1908 साली कोम्बु या समुद्रशैवलातून ग्लुटामेट वेगळे काढले आणि 1913 साली शिन्तारो कोदामा यांनी सुकवलेल्या बोनिटो माशातील इनोसिनेट ओळखले. ही दोन द्रव्ये एकत्र आली असता त्यांची रुची बेरजेने नव्हे तर कित्येक पटींनी वाढते, हे पुढे अकिरा कुनिनाका यांनी दाखवून दिले. पुडीतील भुकटी याच ज्ञानावर उभी आहे. सबब रुचीचा हा गाभा आणि मीठ या दोहोंची तिच्यात मुळीच वाण नसते. वाण असते ती शुष्कीकरणात जे नष्ट होते त्याची, म्हणजे दाताखालच्या कुरकुरीची, ताज्या हिरव्या गंधाची, आंबटपणाची आणि जिभेवर रेंगाळणाऱ्या स्निग्धतेची. जो साज यांपैकी काही देतो तो सार्थ, आणि जो खारटपणात केवळ भर घालतो तो व्यर्थ, अशी आमची कसोटी आहे.

पहिली चव शोयुची, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या काळसर द्रवाची. तोक्योच्या जुन्या धाटणीच्या दुकानांत या रश्श्यावर डुकराच्या मांसाचे काप (चाशू), आंबवलेले बांबूचे कोंब (मेन्मा), नोरी या शैवलाचा पापुद्रा आणि कांद्याची पात घालण्याचा शिरस्ता आहे. यातील चाशूचे स्थान विशेष आहे, कारण ज्या शोयुत ते मांस शिजते तोच द्रव पुष्कळ ठिकाणी रश्श्याला चव देण्यासाठी योजतात. मांस आणि रस्सा तेथे एकाच भांड्यातून निघालेले असतात. पुडीच्या रश्श्याशी त्या मांसाचे असे नाते नसते, म्हणून शोयुच्या पुडीवर चाशूपेक्षा मेन्मा अधिक शोभतो. त्याचा चिवट करकरीतपणा आणि आंबवणाचा मंद दर्प हीच त्या सपाट रश्श्याची खरी गरज आहे.

दुसरी शिओची, म्हणजे केवळ मिठाची. ही चव सर्वांत निराडंबर, आणि म्हणूनच पुडीत सर्वांत कमी बिघडणारी. सान्यो फूड्स कंपनीने 1971 साली काढलेल्या साप्पोरो इचिबानच्या शिओ प्रकारात चिरडलेल्या तिळाची निराळी पुडी येते, आणि तो तीळ ऊन रश्श्यावर पडताच जो सुवास दरवळतो तो या साध्या चवीला पुरेसा अलंकार ठरतो. त्यावर कोबीची चार पाने अर्धकच्ची शिजवून घालावीत. त्यांचा गोडवा मिठाच्या तीक्ष्णतेला आवर घालतो.

तिसरी मिसोची. आंबवलेल्या सोयाबीनच्या या लगद्याचे रामेन 1950 च्या दशकात साप्पोरो येथील मोरितो ओमिया यांच्या 'आजी नो सान्पेइ' या दुकानातून प्रसिद्धीस आले. साप्पोरो ज्या होक्काइदो बेटावर आहे तेथील हिवाळा कठोर. म्हणून तेथील वाडग्यावर चरबीचा थर असतो, जो रश्श्याची ऊब कोंडून धरतो. मोठ्या आचेवर परतलेले मोड आलेले मूग, मक्याचे दाणे आणि लोण्याचा तुकडा हे त्याच प्रांताच्या शेतीचे आणि दुभत्याचे देणे. मिसोची चव इतकी घनदाट असते की हा सारा भार ती सहज पेलते. साज घालण्याची ज्याला मनापासून हौस आहे, त्याने मिसोचीच पुडी घ्यावी.

चौथी तोन्कोत्सुची, क्यूशू बेटावरील. डुकराची हाडे तासन्‌तास खळखळा उकळली म्हणजे त्यांतील मज्जा, चरबी आणि सरस पाण्यात मिसळून रस्सा दुधासारखा पांढरा होतो. हाऊस कंपनीने 1979 साली क्यूशूच्या लोकांसाठी काढलेले 'उमाकाच्चान' या चवीच्या पुड्यांत लोकप्रिय आहे. परंतु हाडांतून उतरलेला ओठांना चिकटणारा दाटपणा भुकटीत आणणे दुष्कर, आणि चौघांत अस्सलापासून सर्वांत दूर राहणारी पुडी हीच, असे आमचे स्पष्ट मत आहे. तथापि त्याच बेटावरील हाकाता येथील साजाने ही उणीव पुष्कळ झाकली जाते. आंबट रसात मुरवलेले तांबडे आले तेथे वरणभातावरील लिंबाचे काम करते, काळ्या अळंबीचे बारीक काप कुरकुर देतात, आणि भाजलेले तीळ गंध देतात.

चारही चवींना साधारण असा साज एकच, तो म्हणजे अंडे. आन्दो यांच्या चिकन रामेनमध्ये चव नूडल्समध्येच मुरवलेली असते, आणि आता तिच्या वडीच्या माथ्यावर अंडे फोडून घालण्यासाठी खळगाही ठेवलेला असतो. अर्धवट गोठलेला बलक रश्श्यात मिसळला म्हणजे खारटपणा बोथट होतो आणि दाटपणा वाढतो; एका पदार्थाने दोन उणिवा भरून निघतात. भारतात 1983 साली आलेल्या मॅगीचा मामला निराळा आहे. तिच्यात पाणी बहुतांशी आटवून टाकण्याची रीत असल्याने भाज्या वर न ठेवता आतच शिजवणे रास्त.

एक दक्षता मात्र आवश्यक आहे. जपानी पुडीत सामान्यतः 5 ते 6 ग्रॅम मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी 5 ग्रॅमहून कमी मिठाची शिफारस करते. पुडीतील मिठाचा मोठा वाटा रश्श्यात उतरत असल्याने निम्मा रस्सा वाडग्यात सोडण्यात अनादर मानू नये. पाहुण्याला वाढताना भुकटीच थोडी कमी घालणे हे अधिक चांगले. साज नीट योजला असेल तर ही कपात जिभेला जाणवतही नाही.

तात्पर्य, पुडी म्हणून शिओ अव्वल, साजासह मिसो अव्वल, शोयु दोन्हीकडे दुय्यम पण विश्वासू, आणि तोन्कोत्सु ही आले-तिळाची तजवीज असेल तरच घ्यावी. स्वस्त अन्नाला हीन लेखून त्याचा विचारच न करणे हा अन्नाचा अपमान होय. सामान्य माणूस जे रोज खातो त्याचे गुणदोष जाणून ते अधिक चांगले करणे, हेच पाकशास्त्राचे पहिले कर्तव्य आहे. पुढील लेखांकी 1971 सालच्या कप नूडलकडे वळू, आणि पेल्याच्या मध्यावर नूडल्स अधांतरी अडकवून ठेवण्यात कोणते प्रयोजन होते ते पाहू.