ट्रकच्या शेजारून जाताना

लग्नसराई आली की आपल्यामागे प्रवासाची धांदल लागते. आहेराच्या साड्या, मुलांचे डबे, सासूबाईंच्या गोळ्या, सारं आठवणीनं पिशवीत भरतो. पण गाडी एकदा रस्त्याला लागली, की आपण एकतर डुलक्या घेतो, नाहीतर मागे वळून पोरांची भांडणं सोडवतो. गेल्या वैशाखापर्यंत माझंही तेच होतं.

मेहकरहून आम्ही समृद्धी महामार्गानं छत्रपती संभाजीनगरला लग्नाला निघालो होतो. गाडी माझी धाकटी जाऊ चालवत होती. हात चांगला आहे तिचा. सिंदखेडराजा मागे पडलं आणि पुढे एक लांबलचक ट्रेलर दिसला. तो डावीकडच्या लेनमध्ये, आम्ही मधल्या. जाऊबाई त्याच्या बरोबरीला आली आणि तिथंच रेंगाळली. माझ्या खिडकीबाहेर नुसती चाकं! आणि एकाएकी ती चाकं आमच्याकडे सरकायला लागली. जाऊनं हॉर्न दाबला, वेग कमी केला, नि ट्रेलर आमच्या पुढ्यातून मधल्या लेनमध्ये निघून गेला. त्याच्यापुढे एक हळू चाललेला ट्रक होता, तो त्याला ओलांडायचा होता. मागच्या सीटवर सासूबाई गजाननबाबांचा धावा करत होत्या.

"मेला झोपला असेल!" असं मी दोन दिवस सगळ्यांना सांगत होते. आमच्या गल्लीत एक काका आहेत, सारा जन्म ट्रकवर गेला त्यांचा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, तो झोपला नव्हता. त्याले तुम्ही दिसल्याच नाही."

मग त्यांनी अंगणात बसून मला जे समजावलं, ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं. ट्रकचा ड्रायव्हर उजवीकडे आणि उंचावर बसतो. आपली छोटी गाडी त्याच्या दाराच्या जरा मागे, खालच्या अंगाला असली, तर ती आरशातही येत नाही आणि खिडकीतूनही दिसत नाही. डाव्या बाजूला तर ही आंधळी जागा कितीतरी मोठी. अगदी नाकासमोरचे काही फूट त्याला दिसत नाहीत, आणि पाठीमागे चिकटून चाललेली गाडीही दिसत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. ट्रकच्या बाजूच्या आरशात तुम्हाला त्याचं तोंड दिसतंय का? दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. आपल्याकडे कापसाचा हंगाम सुरू झाला, की खामगावच्या वाटेवर फुगलेल्या गाड्या बघा. बोजा दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. असा ट्रक असला की आरसाही त्या बोजाआड गेलाय असंच धरून चाला.

जाऊबाईची खरी चूक कुठली, तर रेंगाळण्याची. थोडा हिशेब करू, भाजीवालीशी करतो तसाच. समृद्धीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि मालट्रकला ८०. सोळा मीटरचा ट्रेलर, त्याच्या मागे-पुढे सोडायचं अंतर, असं धरलं तर त्याच्याहून साधारण ८० मीटर जास्त धावावं लागतं. तो ८० नं चालला आहे आणि तुम्ही ९० नं, तर अर्धा मिनिट जवळजवळ त्याच्या शेजारीच! तेच ११० नं गेलात, तर दहा सेकंदांच्या आत मोकळ्या. म्हणून आधी मागेच थांबायचं, पुढची लेन रिकामी आहे का बघायचं, मागून कुणी वेगानं येत नाही ना हेही बघायचं, इंडिकेटर देऊन चार-पाच उघडझाप होऊ द्यायची, आणि मग एका दमात पुढे जायचं. पुढे जागा नसेल तर निघायचंच नाही.

डावीकडून घुसणं मात्र कधीही नको. तिथं त्याची आंधळी जागा मोठी, आणि धोका गाडीतल्या सगळ्यांनाच, मांडीवर लेकरू असेल तर त्यालाही. (मुळात पुढच्या सीटवर लेकरू मांडीवर घ्यायचंच नाही. त्याची जागा मागे, पट्टा लावून.)

ट्रकला ओलांडलं की लगेच आपल्या लेनमध्ये परत यायची घाई होते. भरलेला ट्रक आपल्यासारखा पटकन थांबत नाही, हे तेव्हा विसरायला होतं. आतल्या आरशात त्याचे दोन्ही दिवे पूर्ण दिसेपर्यंत दम धरायचा. ओलांडून पुढे येताना वारा एकदम गाडीला धक्का देतो, तेव्हा स्टिअरिंग घट्ट धरावं.

मलकापूरचा २९ जुलै २०२३ चा अपघात आठवतो का? ट्रकला ओलांडण्याच्या नादात दोन खासगी बस समोरासमोर धडकल्या, ६ जण गेले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला मध्यरात्रीनंतर, आपल्या जिल्ह्यातल्या सैलानी बाबांचं दर्शन घेऊन नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनी बस समृद्धीवर वैजापूरजवळ ट्रकवर मागून आदळली. १२ जण गेले. तो ट्रक चालत नव्हता, रस्त्याच्या कडेला थांबवलेला होता. अंधारात थांबलेला ट्रक आणि चाललेला ट्रक लांबून सारखाच दिसतो. म्हणून रात्री डाव्या कडेला लाल दिवे दिसले, की वेग आधीच उतरवावा.

ट्रकच्या मागे 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला राज्याच्या परिवहन विभागानं २०१५ साली बंदी घातली. तरी काही ठिकाणी ते अजून दिसतं, आणि आपले पुरुष ते हुकूम असल्यासारखं पाळतात! हॉर्न द्यायला हरकत नाही, पण हॉर्न दिला म्हणजे त्यानं आपल्याला पाहिलं, असं नव्हे.

गाडी 'हे' चालवत असतील, तर तुम्ही काय करायचं? "अहो, हळू!" असं ओरडायचं नाही. त्यानं ते चिडतात आणि पाय आणखी दाबतात. त्याऐवजी कामाचं बोला. "त्याचं तोंड आरशात दिसतंय का हो?" एवढंच विचारा. आमच्याकडे पहिल्यांदा उत्तर आलं नाही. दुसऱ्या वेळी "दिसतंय, दिसतंय" आलं. तिसऱ्या वेळी ते न विचारताच मागे थांबले.

परवा शेगावला जाताना गाडी पुन्हा जाऊबाईकडेच होती. खामगावच्या अलीकडे तिनं एक कापसाचा ट्रक ओलांडला आणि आरशाकडे बघत मला विचारलं, "वहिनी, दोन्ही दिवे दिसले. घेऊ का आत?"

मागून सासूबाईच म्हणाल्या, "घे बाई, आता घे."