‘सर्व रिपोर्ट नॉर्मल’ : अकारण वंध्यत्वात चिकित्सेची निवड आणि कालमर्यादा

वंध्यत्वासाठी आपल्याकडे येणाऱ्या दांपत्यांपैकी काहींच्या हाती एक जाडजूड फाईल असते. आर्तवचक्र नियमित, सोनोग्राफीत बीजोत्सर्ग दिसलेला, दोन्ही बीजवाहिन्या मोकळ्या, पतीचा वीर्यतपासणीचा अहवाल प्राकृत आणि शेवटच्या पानावर ‘अनएक्सप्लेन्ड’ असा शेरा. ‘दोष काहीच नाही, मग मूल का नाही?’ या प्रश्नाला वैद्याने काय उत्तर द्यावे आणि मुख्य म्हणजे आपली चिकित्सा किती काळ चालू ठेवावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात गर्भोत्पत्तीसाठी ऋतु, क्षेत्र, अंबु आणि बीज या चार घटकांचे सान्निध्य आवश्यक मानले आहे. प्रचलित तपासण्या यांपैकी क्षेत्राची रचना आणि पुंबीजाची संख्या, गती, आकार पाहतात. बीजाचा सूक्ष्म दर्जा, फलनाची प्रक्रिया, गर्भाचे गर्भाशयात रुजणे या गोष्टी त्यांच्या आवाक्याबाहेर राहतात. तेव्हा ‘अकारण’ याचा अर्थ ‘कारण सापडले नाही’ एवढाच घ्यावा. वंध्यत्वाच्या एकूण दांपत्यांपैकी साधारण 15 ते 30 टक्के दांपत्ये या गटात मोडतात.

हा शेरा जसाच्या तसा स्वीकारण्यापूर्वी दोघांना समोर बसवून पुन्हा विचारपूस करावी. पती नोकरीनिमित्त परगावी असतो, किंवा रात्रपाळीमुळे संबंध महिन्यातून दोनदाच येतो, हे फाईलमध्ये कोठेही लिहिलेले नसते. बीजोत्सर्गाचा दिवस धरून त्याआधीचे पाच, असे सहाच दिवस गर्भधारणेला अनुकूल असतात, हे 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. ते हुकत असतील तर औषध काय करणार? पाळीत तीव्र वेदना, मैथुनकाली वेदना असतील तर सोनोग्राफी प्राकृत असूनही एंडोमेट्रिऑसिस असू शकतो. थायरॉईडची तपासणी जुनी असल्यास पुन्हा करून घ्यावी. पतीच्या तंबाखू-गुटख्याविषयी विचारण्यास संकोच करू नये.

आता एक अप्रिय वस्तुस्थिती. या गटातील तरुण दांपत्यांत काहीही न करता गर्भ राहण्याचे प्रमाण लक्षणीय आहे. नेदरलँड्समध्ये 253 दांपत्यांवर झालेल्या, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्यांना बीजोत्तेजक औषधांसह आय.यू.आय. दिले आणि उर्वरितांना सहा महिने केवळ थांबविले. टिकून राहिलेल्या गर्भाचे प्रमाण पहिल्या गटात 23 टक्के, तर थांबलेल्यांत 27 टक्के होते. स्कॉटलंडमध्ये 2008 च्या चाचणीतही केवळ थांबलेल्यांत 17 टक्के आणि क्लोमिफेन घेतलेल्यांत 14 टक्के अपत्यजन्म झाले. याउलट, ज्यांना आपोआप गर्भ राहण्याची शक्यता कमी होती अशा दांपत्यांवरील न्यूझीलंडच्या 2018 च्या चाचणीत बीजोत्तेजनासह आय.यू.आय.च्या तीन चक्रांनंतर 31 टक्के, तर केवळ थांबलेल्यांत 9 टक्के अपत्यजन्म झाले. म्हणजे दांपत्य कोणते, यावर निवड ठरते.

यातून आपण दोन गोष्टी शिकावयास हव्यात. तीन महिने फलघृत दिले आणि गर्भ राहिला, तर ते यश सर्वस्वी फलघृताचे, असे आपण कशावरून म्हणतो? दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. काही वर्षांपूर्वी छत्तिशी ओलांडलेल्या एका रुग्णेस मी जवळजवळ दीड वर्ष चिकित्सा दिली. अग्नी सुधारला, झोप लागू लागली, आर्तव प्राकृत झाले. ती समाधानी होती, मीही होतो. गर्भ मात्र राहिला नाही. पुढे आय.व्ही.एफ. साठी गेली तेव्हा बीजग्रंथीतील बीजसंचय फारच अल्प उरला होता. ती आधी गेली असती तर यश आलेच असते, असे म्हणता येत नाही. पण ते दीड वर्ष माझ्या औषधाने परत येणारे नव्हते. आय.व्ही.एफ. हे बीजाचे वय कमी करू शकत नाही आणि आपले रसायनही ते करीत नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत कालमर्यादा ठरवून केसपेपरवर लिहावी. स्त्रीचे वय तिशीच्या आसपास आणि प्रयत्नांस दोन वर्षे झालेली नसतील, तर सहा महिने निर्धास्तपणे आपली चिकित्सा द्यावी. पस्तिशीपुढे तीन महिन्यांहून अधिक नको, तीही बीजसंचयाची तपासणी हाती घेऊनच. अडतिशी ओलांडली असेल तर पहिल्याच दिवशी वंध्यत्वतज्ज्ञाकडे पाठवावे; आपली चिकित्सा सोबतीने चालेल. ही वयोमर्यादा माझ्या अनुभवाची आहे, तीत थोडा फरक होऊ शकतो. पण मर्यादाच नसणे हा दोष आहे.

मिळालेल्या काळात चिकित्सा उभयतांची करावी. चरकाचार्य शारीरस्थानात स्त्री-पुरुष दोघांचेही शोधन सांगतात. प्रत्यक्षात औषधाची पिशवी घेऊन एकटी स्त्रीच घरी जाते. शुक्रनिर्मितीस सत्तरहून थोडे अधिक दिवस लागतात, त्यामुळे पुरुषाच्या चिकित्सेचे फळ तीन महिन्यांपूर्वी मोजू नये. वमन-विरेचनाच्या महिन्यात गर्भधारणा टाळण्यास स्पष्ट सांगावे.

उत्तरबस्तीविषयी थोडे विस्ताराने. बीजवाहिन्या तैलयुक्त द्रव्याने धुतल्यास गर्भधारणा वाढते, याचा एक सबळ पुरावा नेदरलँड्समध्येच मिळाला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 1119 स्त्रियांवरील चाचणीत एच.एस.जी.साठी तैलाधिष्ठित द्रव्य वापरल्यावर सहा महिन्यांत 39.7 टक्के, तर जलाधिष्ठित द्रव्य वापरल्यावर 29.1 टक्के स्त्रियांत गर्भ टिकला. वाचून आनंद वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते द्रव्य खसखशीच्या तेलापासून केलेले, आयोडिनयुक्त आणि पूर्ण निर्जंतुक असते. आपल्या सिद्ध तैलांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. मोकळ्या वाहिन्यांत जंतुसंसर्ग झाला तर चांगले क्षेत्र आपणच बिघडवू. निर्जंतुकतेची संपूर्ण व्यवस्था नसेल तेथे उत्तरबस्ती करूच नये, योगबस्ती पुरे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी दोन शब्द. न्यूयॉर्क शहरात 2011-12 मध्ये सहा गर्भवतींच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले. त्या सर्व भारतातील आयुर्वेदीय औषधे घेत होत्या. गर्भेच्छू स्त्रीस नागभस्मयुक्त कल्प देऊ नयेत आणि उत्पादकाकडून जडधातूंच्या चाचणीचा दाखला मागावा. ‘हमखास संतती’ अशी पाटी लावणे 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यात बसत नाही. स्त्रीवंध्यत्व त्याच्या परिशिष्टात आहे. ‘मुलगाच होईल’ म्हणून दिली जाणारी पुडी तर गर्भलिंगनिवड कायद्याखाली येते. अशी पुडी मागणाऱ्यास रिकाम्या हाती परत पाठवावे.

रुग्णा तज्ज्ञाकडे पाठविताना सोबत चिठ्ठी द्यावी. तीत चालू असलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव, घटकद्रव्ये, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख असावी. बीजोत्तेजक इंजेक्शने सुरू होण्याच्या वेळी कोणती औषधे थांबवावयाची, हे त्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून ठरवावे आणि रुग्णेस दोघांकडून एकच सूचना जाईल असे पाहावे.